पालक-शिक्षकाची वही

कृष्णात भोईटे सरांच्या अक्षराला विद्यापीठात मोठा मान होता. कुणी निवृत्त झालं की मानपत्र त्यांच्याकडूनच लिहून घेतलं जाई, आणि फळ्यावर त्यांनी काढलेली मुळाच्या छेदाची आकृती पुसायला पुढच्या तासाच्या सरांचाही हात धजत नसे. रहिमतपूरच्या शाळेत गुरुजींनी बोटांवर पट्टी मारून घोटून घेतलेलं ते अक्षर. पस्तीस वर्षं त्यानं सरांना साथ दिली. नोकरीचं सव्वा वर्ष उरलं असताना मात्र त्याच अक्षरानं त्यांना अशा जागी नेऊन उभं केलं की मान वर करायची सोय राहिली नाही.

सांगलीच्या त्या विद्यापीठात पालक-शिक्षक नावाची एक योजना होती. प्रत्येक शिक्षकाच्या पदरात वीस-बावीस विद्यार्थी टाकायचे. त्यानं महिन्यातून एकदा एकेकाला बोलावून घ्यायचं, जेवणखाण, झोप, घरचं, अभ्यासाचं विचारायचं, आणि काय बोलणं झालं ते तारीख घालून वहीत लिहायचं. योजना वाईट नव्हती. ज्यानं ती काढली त्याच्या मनात पोरांची कणव असणार. पण तास, पेपर, सभा आणि परीक्षा यांच्या रेट्यात महिन्याचा तो दिवस कुणालाच सापडत नसे. पहिल्या वर्षी वह्या आल्या, दुसऱ्या वर्षी त्या कपाटात गेल्या.

मग एका जानेवारीत विद्यापीठाचा दर्जा तपासणारी नॅकची कमिटी यायची ठरली, आणि वरून निरोप आला की सगळ्या पालक-शिक्षकांनी वह्या पूर्ण करून ठेवाव्यात. पूर्ण करून म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

सरांनी दोन दुपारी त्या कामाला दिल्या. जून ते डिसेंबर, बावीस विद्यार्थी. एकाच पेनानं लिहिलं तर लगेच कळेल, म्हणून त्यांनी चार पेनं घेतली. दोन निळी, एक काळं, एक शाईचं. सगळंच गोडगोड लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून एका पोराला सर्दी-पडसं घातलं, एकीला इंग्रजीची भीती घातली, एकाला खानावळीचं जेवण सोसत नाही असं लिहून लिंबू-पाण्याचा सल्लाही दिला. संशोधन करणारी मुलं मात्र वयानं मोठी. त्यांच्यापुढं दर महिन्याला एकच ओळ वळणदार अक्षरात पडत गेली: 'प्रगती समाधानकारक. अडचण नाही.'

कमिटीनं ती वही हातात घेतली आणि खाली ठेवली नाही. शेवटच्या सभेत कमिटीतल्या एका बाईंनी त्या वहीचं नाव घेऊन कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या वेबसाइटवर वहीची चार पानं झळकली, वर मथळा: 'विद्यार्थ्यांची काळजी घेणारे विद्यापीठ'. सगळ्या विभागांना नमुना म्हणून तिच्या प्रती गेल्या. सरांच्या समोरच्या टेबलावर बसणारा सुमंत कुलकर्णी, वयानं त्यांच्या निम्मा आणि तोंडानं दुप्पट, म्हणाला होता, "सर, तुमच्या त्या सर्दीवाल्या पोराला मी माझ्या वहीतपण घेतलाय. आता साथच आली म्हणायची."

सर हसले होते. ते हसू पुढं त्यांना फार दिवस आठवत राहिलं.

*

त्या बावीसांत म्हसवडची शिवांजली पिसे होती. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि सरच तिचे मार्गदर्शक होते. माणदेशातली पोर, पाण्याचा थेंब मोजून वापरणाऱ्या घरातली. तिनं विषय घेतला तो मात्र पाण्यानं मेलेल्या जमिनीचा. कृष्णेकाठी उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडून सोडून कित्येक रानं क्षारपड झालीत. वर पांढरी खार फुटते आणि काही उगवत नाही. अशा रानात खार सोसणारी कुठली गवतं जगतात आणि ती जमिनीतलं मीठ किती ओढून घेतात, हे तिला मोजायचं होतं. आष्ट्याच्या आप्पासो शिंद्यांनी आपलं दहा गुंठे पडीक रान तिला वापरायला दिलं. तिनं त्यात अठ्ठेचाळीस वाफे पाडले, प्रत्येकाला नंबराची खुंटी ठोकली, आणि दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी गिरमिटानं माती काढून सांगलीला आणली.

पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू होतं. सप्टेंबरात ती अशीच माती काढायला गेली तर रान नांगरलेलं. एकही खुंटी उभी नव्हती. जमिनीखालून पाईप टाकून खारं पाणी काढून घ्यायची योजना अचानक मंजूर झाली होती, माणसं आणि यंत्र दारात उभं राहिलं होतं, आणि पंधरा वर्षं मेलेलं रान आता जिवंत होणार या आनंदात आप्पासोंना खुंट्यांची आठवण राहिली नव्हती. त्यांनी तिला लांबूनच हाक मारली आणि बांधावर येऊन तिच्या हातावर पेढा ठेवला. "रान सुटलं बघ पोरी. तुझा पायगुण."

तिनं तो पेढा खाल्ला. त्यांना काही बोलली नाही. बोलणार तरी काय; माणसाचं रान परत आलं होतं.

सरांना तिनं सांगितलं तेव्हा ते चुकचुकले, म्हणाले की संशोधनात असं होतंच, दुसरं रान बघू, पुन्हा पेरू. हे त्यांनी मनापासून म्हटलं आणि मग ते पेपर तपासायला बसले. दुसरं रान बघायचं राहून गेलं. शिवांजलीची झोप गेली. मग जेवण गेलं. वसतिगृहाच्या खोलीत ती भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. संक्रांतीला गावी गेली ती परत आलीच नाही. मार्चात तिच्या वडिलांनी तिला साताऱ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा कुठं त्या आजाराला नाव मिळालं आणि औषध सुरू झालं. जूनअखेर ती हळूहळू उठून बसली. पुढच्या वर्षी तिनं आप्पासोंच्या शेजारच्या रानात पुन्हा वाफे पाडले. पण गेलेला काळ कसा भरून निघणार? आता पाचवं वर्ष संपत आलं, मुदत संपत आली, आणि मोजमापाचा एक हंगाम अजून हातात हवा होता. तो मिळाला नाही तर नाव कमी होणार, आणि पाच वर्षांची माती मातीत जाणार.

तिनं एका वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज केला. सरांनी पानभर शिफारस लिहिली: विद्यार्थिनी सप्टेंबरपासून दहा महिने आजारी होती, हे मला माहीत आहे. अक्षर नेहमीसारखंच.

*

संशोधन समितीच्या अध्यक्ष होत्या चारुशीला गोडबोले मॅडम. कडक बाई, पण कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हत्या. मागच्या दोन वर्षांत मुदतवाढीसाठी खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून समितीनं नियम केला होता की सहा महिन्यांहून जास्त खंड कागदानं सिद्ध झाला तरच वाढ मिळेल. शिवांजलीच्या डॉक्टरांचा दाखला मार्चपासूनचा होता. मार्च ते जून, चार महिने. त्याआधीच्या सहा महिन्यांना कागद हवा होता.

"कागद आहे की," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फायलीतून एक प्रत काढून टेबलावर सरकवली. सरांच्याच वहीची पानं. सप्टेंबर, प्रगती समाधानकारक, अडचण नाही. ऑक्टोबर, तेच. नोव्हेंबर, तेच. डिसेंबर, तेच.

"शिफारसही तुमची, वहीही तुमची. दोन्हीत एकच हात आहे. आता यातलं खरं काय मानू, सर? शिफारस की वही?"

सभेत पाच माणसं होती. सगळ्यांकडं त्या वहीच्या नमुना प्रती गेलेल्या होत्या, सगळ्यांनी त्या बघून आपापल्या विभागातल्या वह्या भरून घेतल्या होत्या. सरांच्या डोळ्यांसमोरून एका क्षणात काय काय गेलं: वेबसाइट, कमिटीच्या बाई, निवृत्तीला उरलेले दिवस, स्वतःचं मानपत्र. आणि त्यांच्या तोंडून असं वाक्य निघालं, जे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं, पण जे तयार होऊन बसल्यासारखं अलगद बाहेर आलं.

"त्या वेळी तिनं काही सांगितलं नव्हतं. मला हे नंतर कळलं."

मॅडमनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं, आणि पंधरा दिवसांनी निर्णय देऊ म्हणून विषय पुढं ढकलला. विद्यार्थिनीला तिचं म्हणणं लेखी मांडायला कळवावं, असंही ठरलं.

सर जिन्यावरून खाली आले आणि मधल्या वळणावर कठडा धरून उभे राहिले. कारण खरं काय होतं, ते त्यांना लख्ख आठवत होतं. जानेवारीतली दुपार होती. टेबलावर वही उघडी होती, चार पेनं ओळीनं मांडलेली. शिवांजली दारात आली होती. केस विस्कटलेले, अंगावर भर दुपारी स्वेटर. म्हणाली होती, "सर, दहा मिनिटं बोलायचं होतं." आणि त्यांनी मान वर न करता हात हलवून म्हटलं होतं, "नॅक झालं की ये गं. आत्ता श्वास घ्यायला वेळ नाही." ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. त्यांचं पेन त्या घडीला पी अक्षरावर होतं. पाटील झाला, पवार झाला, आणि पिसे आली तेव्हा त्यांनी लिहिलं, अडचण नाही.

*

आठ दिवस सरांना अन्न गोड लागलं नाही. वर्गात ते शिकवायला उभे राहत, वाक्य अर्ध्यावर आलं की पोरांचे चेहरे बघत थांबत. साठ चेहरे. यातलं कोण रात्रभर जागं आहे, कोण जेवलेलं नाही, काही कळायला मार्ग नव्हता. पस्तीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपल्याला पोरं वाचता येतात.

सुमंतला त्यांनी अर्धंमुर्धं बोलून दाखवलं. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला की सर, वही खोटी आहे असं तुम्ही म्हणालात तर आमच्या सगळ्यांच्याच वह्या उघड्या पडतील. त्यापेक्षा तिलाच सांगा, साताऱ्याच्या डॉक्टरांकडून आधीच्या तारखेचा दाखला आण म्हणावं. सोपं आहे.

सोपं होतंच. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं, आणि तेही त्या पोरीच्या हातानं उभं करायचं. रविवारी सकाळी सरांनी विट्याची गाडी धरली आणि तिथून आटपाडीमार्गे म्हसवड. समितीचं पत्र तिच्या हाती पडायच्या आत आपण स्वतः सांगावं, एवढाच त्यांचा विचार होता.

शिवांजलीचे वडील नाथाजी पिसे म्हणजे पलटणीतून हवालदार म्हणून सुटून आलेला गडी. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, दारापुढं डाळिंबाची चार ओळींतली झाडंसुद्धा परेडला उभी असावीत तशी. सरांना फाटकात बघून ते पळतच आले.

"आवं सर, फोन तरी करायचा न्हाई का. फटफटी घिऊन आलो असतो की स्टँडवर."

सरांच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली, पाय धुवायला पाणी दिलं, आणि शेजारच्या दोघा-तिघांना हाक मारून सांगितलं की पोरीचे सर आल्यात, सांगलीस्नं. शिवांजली आतून आली. तिनं सरांना नमस्कार केला, पाणी दिलं. तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. जेवायला बाजरीची भाकरी, मटकीची आमटी आणि खास सरांसाठी केलेला शिरा. नाथाजी समोर बसून वाढायला लावत होते आणि बोलत होते. पोरीचं दुखणं निघालं तवा गावात लोकं काय काय बोलली, म्हणत होती देव-देवस्की बघा; पण मी म्हणलं, पलटणीत जवानाचं डोकं दुखलं तर डाक्टर बघतोय, मग माझ्या पोरीचं का न्हाई. आणि सर, तुमी शिफारस दिली म्हणं. तुमी पाठीशी हाय म्हणून आमाला काळजी न्हाई.

जेवण झाल्यावर त्यांनी आतून एक नवी कोरी घोंगडी आणली. इथल्याच मागावरची, काळीभोर, पांढऱ्या काठाची. ती सरांच्या खांद्यावर घालून त्यांनी हात जोडले. "गुरूचा मान हाय. न्हाई म्हणू नका."

घोंगडीची लोकर सरांच्या मानेला टोचत होती. त्यांना ती काढूनही ठेवता येईना.

"नाथाजीराव, बसा," ते म्हणाले. "आणि शिवांजली, तूही बस. मी मानाला लायक असलेलं काही केलेलं नाही. काय केलंय, ते सांगायला आलोय."

मग त्यांनी सांगितलं. वही कशी लिहिली ते, चार पेनांसकट. समितीत मॅडमनी काय विचारलं ते. आणि आपण काय उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द. सांगून झाल्यावर ते म्हणाले की याचं पत्र तुला येईल, त्याआधी मला यायचं होतं.

"पत्र आलंय सर," शिवांजली म्हणाली. "परवाच ईमेल आली."

तिचा आवाज चढलेला नव्हता. बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

"त्यात लिहिलं होतं, विद्यार्थिनीनं अडचण सांगितली नव्हती. ते वाचलं आणि मला वाटलं, मी आले नव्हतेच की काय तुमच्याकडं. आजारात व्हायचं असं. काय घडलं आणि काय नुसतं मनात आलं, कळायचं नाही. आणि तुम्ही कशाला खोटं बोलाल. म्हणून मी भार्गवीला फोन केला, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला. विचारलं, मी त्या दिवशी सरांकडं गेले होते ना गं? ती म्हणाली, व्हय, मीच तुला जिन्यापर्यंत सोडलं, तू एकटी चालायला भीत होतीस."

सरांनी डोळे मिटले. आपण तिचं एक वर्ष घेतोय एवढंच त्यांना आजवर वाटत होतं. स्वतःच्या मनावरचा तिचा भरवसा, जो तिनं औषधं खाऊन खाऊन महिनोन्‌महिने परत मिळवला होता, तोच आपण एका वाक्यानं हलवला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आली होतीस," ते म्हणाले. "दारात उभी होतीस. स्वेटर घालून. मी तुला घालवून दिलं."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाजही आला नाही.

नाथाजी अंगणाकडं बघत म्हणाले, "सतरा वर्सं पलटणीत काढली, सर. वर बर्फात असताना सांजच्याला हजेरी व्हायची. एक माणूस कमी आला तर समदी कंपनी हुडकायला निघायची. आन हजेरी घेणाऱ्यानं कंटाळून 'सब हाजिर' म्हणून टाकलं, तर तो एक माणूस तिथंच राहायचा. त्याला हुडकायला कोन जानारच न्हाई की. समदे हजर हाईत म्हणल्यावर कशाला कोन जाईल."

"काय करनार आता?" नाथाजींनी विचारलं.

"समितीपुढं खरं सांगणार."

"सांगा." नाथाजी उठले. घोंगडी त्यांनी परत मागितली नाही, पण सरांनी ती घडी घालून खाटेवर ठेवली तेव्हा ती घ्या असाही आग्रह केला नाही. फटफटीवरून स्टँडवर मात्र सोडलं.

*

दुसऱ्या बैठकीच्या आधी सुमंत सरांना जिन्यात भेटला. त्याला सुगावा लागला होता. हात जोडून म्हणाला, सर, निदान फक्त तिच्या नोंदीपुरतं बोला, चुकून झालं म्हणा, बाकीच्या वहीला हात लावू नका. सरांना त्याचा राग आला नाही. दोन आठवड्यांपूर्वी ते स्वतः तिथंच उभे होते.

आत गेल्यावर चारुशीला मॅडमनी विषय काढला आणि विद्यार्थिनीकडून लेखी काही आलेलं नाही असं सांगितलं. शिवांजलीनं लिहिलं नव्हतं. सरांच्या विरुद्ध कसं लिहायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मागच्या बैठकीत मी खोटं बोललो," सर म्हणाले. "तिनं मला सांगायचा प्रयत्न केला होता. मीच ऐकलं नाही. शिफारस खरी आहे. वही खोटी आहे."

"कुठली नोंद खोटी आहे म्हणता?"

इथं एक वाट होती. एक नोंद म्हणून भागलं असतं. सरांनी टेबलावरच्या त्या प्रतीकडं बघितलं. खानावळीचं जेवण न सोसणारं पोरगं त्यांनी कल्पनेनं बनवलं होतं. खरं कोण उपाशी होतं, ते त्यांना आजही माहीत नव्हतं.

"सगळ्या. बावीसच्या बावीस मुलांच्या, सगळ्या महिन्यांच्या. मी एकालाही बोलावलं नव्हतं. दोन दुपारींत बसून लिहिल्या."

कुणीतरी खुर्ची सरकवली. एक जण खिडकीबाहेर बघायला लागला. चारुशीला मॅडमचा चेहरा आधी कडक झाला आणि मग थकल्यासारखा दिसला. त्यांच्या विभागातल्या वह्या कशा भरल्या गेल्या, ते त्यांनाही ठाऊक असणार.

"हे लेखी द्याल?"

"देतो."

"चौकशी लागेल, सर. तुमची एकट्याची नाही, सगळ्यांचीच लागेल आता. वेबसाइटवरनं पानं काढावी लागतील. आणि ज्याच्या शिफारशीवर आणि नोंदीवर प्रश्न आलाय, त्याला तिचा मार्गदर्शक म्हणून ठेवता येणार नाही मला."

"समजलं."

त्यांनी तिथंच बसून लिहून दिलं. त्या कबुलीसोबत आता शिफारस आणि डॉक्टरांचा दाखला एका रेषेत आले. रान कधी नांगरलं गेलं याचं पाईप योजनेचं तारखेचं पत्र सरांनी आप्पासोंकडून मागवून घेतलं होतं, तेही जोडलं. मॅडमनी सगळं वाचलं, सदस्यांना विचारलं, आणि एक वर्षाची वाढ मंजूर केली. नवीन मार्गदर्शक म्हणून राजेश्वरी मोहिते यांचं नाव घातलं. सर उठत असताना त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." कुठली, ते सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही.

सुमंत जिन्यात तसाच उभा होता. त्यानं सरांचा चेहरा बघितला, समजायचं ते समजला, आणि बाजूला होऊन वाट दिली. त्या दिवसापासून तो चहाला दुसऱ्या विभागात जायला लागला.

*

शिवांजली इमारतीसमोरच्या गुलमोहराखाली बाकावर बसली होती. सकाळच्या गाडीनं एकटीच आली होती. सरांनी जवळ जाऊन सांगितलं, वर्ष मिळालं. तिनं ऐकलं, ओंजळीत तोंड झाकलं, आणि थोड्या वेळानं हात काढून ओढणीनं डोळे पुसले.

"नोंदीचं?" तिनं विचारलं.

"खोटी आहे म्हणून सांगितलं. सगळी वही."

"बरं केलं."

त्यांना आणखी काही ऐकायचं होतं. जाऊ द्या सर, असं काहीतरी. वय झालेल्या माणसालाही तशी भूक असते. पण तिनं तेवढंच म्हटलं, आणि आपल्याला ते मागायचा हक्क नाही हे त्यांना उमगत होतं. तिच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून, ते बसले.

"कशी आहेस?" त्यांनी विचारलं.

नेहमीसारखं बरी आहे म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. मग म्हणाली की झोप येते आता. जेवण जातं. पण आष्ट्याला रानात जायची वेळ आली की आदल्या दिवसापासून भीती सुरू होते. बांधावरून वाकून बघेपर्यंत वाटत राहतं, खुंट्या नसणारच. मागच्या खेपेला ती एसटीतून आष्ट्याला उतरली आणि स्टँडवर तासभर बसून परत आली. ते कुणाला बोलली नाही. हंगाम तर आता सुरू होतोय, दर पंधरा दिवसांनी जावं लागणार.

सर ऐकत होते. मधे बोलले नाहीत, दुसरं रान बघू म्हणाले नाहीत.

"हे राजेश्वरी मॅडमना कळायला पाहिजे," मग ते म्हणाले. "नवीन आहेत त्या तुला. मी बोलू का त्यांच्याशी?"

तिनं विचार केला. उत्तर देताना तिनं त्यांच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात टोचणी नव्हती, नुसता हिशोबीपणाही नव्हता. खडू हातात घेऊन गणित सोडवणाऱ्या मुलीसारखी ती बघत होती.

"नको सर. मी सांगते. तुम्ही माझ्याबद्दल काही सांगितलंत तर आता लोक ते खरं धरतील का, मला माहीत नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले. बरोबरच होतं.

ती उठली आणि इमारतीत गेली. सरांना तिथं थांबायचं कारण नव्हतं, तरी ते थांबले. तास संपल्याची घंटा झाली, पोरांचा लोंढा बाहेर आला, काही पोरांनी नमस्कार सर केलं. त्यातल्या दोघांना त्यांनी नावानं हाक मारून थांबवलं आणि सोमवारी येऊन बसा म्हणून सांगितलं. काय काम आहे, असं पोरांनी विचारलं. काही नाही, नुसतं बसायचं, असं सर म्हणाले, तर पोरं एकमेकांकडं बघून हसली.

अर्ध्या तासानं शिवांजली खाली आली. सर अजून तिथंच आहेत हे बघून तिला नवल वाटलं.

"सांगितलं," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, पहिल्या दोन-तीन खेपा त्या माझ्याबरोबर आष्ट्याला येतील. उद्याच जातोय. आठची गाडी."

मी पण येऊ का, हे सरांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"जा," ते म्हणाले. "आणि दिवसभर ऊन लागंल, डोक्याला काहीतरी बांधून जा."

तिनं मान हलवली आणि ती वसतिगृहाच्या वाटेला लागली.